केसगळती आणि तीन महिन्यांचे अंतर : मंठा येथील क्षेत्र प्रकल्पाच्या नोंदी

९ डिसेंबर २०२४

रसायनशास्त्र विभागाच्या क्षेत्र प्रकल्पासाठी यंदा केसांची निगा राखणारी उत्पादने आणि केसगळतीविषयीचे समज हा विषय नक्की झाला. विषय मुलींनीच सुचवला. माती आणि पाणी तपासण्याचे प्रकल्प दरवर्षी होतात, त्यांचे अहवाल कपाटात जातात आणि पुन्हा कोणी ते उघडत नाही. केसांचे नाव काढले तर मात्र प्रत्येक घरात कोणीतरी बोलायला बसते, एवढाच युक्तिवाद त्यांनी केला आणि तो मला पुरेसा वाटला. कामाची व्याप्ती जालना जिल्ह्यातले मंठा शहर आणि जवळची दोन गावे एवढीच ठेवली आहे. गावांची, माणसांची आणि दुकानांची नावे नोंदीत घेतली जाणार नाहीत.

पहिल्या बैठकीत फळ्यावर एक हिशेब मांडला. माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. त्यांतले ८५ ते ९० टक्के वाढीच्या अवस्थेत असतात आणि ही अवस्था २ ते ६ वर्षे चालते. राहिलेले बहुतेक केस वाढ थांबल्यावर सुमारे तीन महिने मुळाशी नुसते टिकून राहतात आणि मग गळतात. म्हणजे दहा हजारांच्या आसपास केस साधारण शंभर दिवसांत गळायचे आहेत, दिवसाला शंभर. दिवसाकाठी ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे हे वाक्य मुलींना पाठ होते, पण ते कोठून येते हे कोणी करून पाहिले नव्हते. याच हिशेबातली दुसरी गोष्ट आम्हाला पुढे जास्त उपयोगी पडेल असे दिसते : आज फणीत आलेल्या केसाची वाढ आज थांबलेली नसते, ती तीन महिन्यांपूर्वी थांबलेली असते.

१४ डिसेंबर

घरोघरच्या रिकाम्या बाटल्या, शाम्पूच्या पुड्या आणि तेलांची खोकी प्रयोगशाळेत आणून त्यांवरचा मजकूर वाचला. मेडिकलच्या एकाच फळीवर शेजारी शेजारी बसणाऱ्या तीन बाटल्या कायद्याने तीन वेगळ्या वस्तू निघाल्या. शाम्पू आणि साधे सुवासिक तेल ही सौंदर्यप्रसाधने असून त्यांना २०२० चे प्रसाधन नियम लागू आहेत. माका, ब्राह्मी, आवळा घातलेल्या तेलांपैकी कित्येकांवर आयुर्वेदिक औषध म्हणून परवाना क्रमांक आहे. आणि मिनॉक्सिडिलचे द्रावण हे सरळ ॲलोपॅथीचे औषध आहे. गिऱ्हाईक मात्र तिन्हींना 'केसाचं औषध' म्हणूनच मागते.

सर्वांत जास्त वेळ एका चांदणीने घेतला. शाम्पूच्या पुडीवर केसगळती कमी होण्याचा दावा ठळक अक्षरांत आहे, त्या शब्दावर बारीक चांदणी आहे, आणि पुडी उलटी करून भिंगाखाली धरली तेव्हा चांदणीचा खुलासा वाचता आला : 'केस तुटण्यामुळे होणारी गळती'. तुटणे ही केसाच्या दांड्याची गोष्ट आहे आणि गळणे ही मुळाची. दांडा हा मृत प्रथिनाचा, केराटिनाचा, धागा आहे. त्याला गुळगुळीत केले तर फणी अडकत नाही आणि केस कमी तुटतात, हे खरेच आहे. मुळाविषयी ती पुडी काहीच म्हणत नाही. अशी सावध भाषा का वापरावी लागते, हे मुलींनी विचारले. औषधांबाबतच्या १९४५ च्या नियमांना जोडलेल्या 'जे' अनुसूचीत जे विकार टाळण्याचा किंवा बरे करण्याचा दावा औषधालाही करता येत नाही त्यांची यादी आहे आणि तीत टक्कल आहे, नवीन केस उगवणेही आहे. मग तेलवाल्यांच्या जाहिरातीत 'दाट', 'घनदाट', 'मजबूत' अशी विशेषणे का येतात आणि उगवण्याचे वचन शक्यतो चित्रावर का सोडलेले असते, ते लक्षात येते.

खोबरेल तेलाची नोंद वेगळी घेतली, कारण त्याच्या बाजूने पुरावा आहे. खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना करणारा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. धुताना आणि विंचरताना केसातून जे प्रथिन निघून जाते ते खोबरेलाने कमी झाले, बाकी दोहोंनी नाही. त्यातील लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असल्याने तो दांड्यात शिरतो. हा अभ्यास मॅरिको या खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्याच संशोधन विभागातला आहे, हे मुलींनी स्वतःहून शोधून शेरा म्हणून लिहिले. त्याने निष्कर्ष खोटा ठरत नाही, पण शेरा तसाच राहू दिला आहे.

२१ डिसेंबर

पहिल्या गावातील घरभेटी झाल्या. तक्रार एकच आणि जवळजवळ एकाच शब्दांत : बोअरचे पाणी. 'नळाला पाणी होतं तवर वेणी हातात मावत नव्हती. बोअर लागला अन् नुसता झाडा झाला बघ माय,' असे एका आजींनी सांगितले. आजींची वेणी केव्हापासून उतरली आणि बोअर केव्हा घेतला, हे त्यांच्या सुनेने मध्येच वेगवेगळे सांगितले आणि त्यावरून सासू-सुनेत थोडी बोलाचालीही झाली. आम्ही दोन्ही उत्तरे लिहून घेतली.

याच घरात एक उपयोगी वस्तू मिळाली. देवळीत बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता आणि त्यात घरातल्या सगळ्या बायकांचा गुंतवळ साठवलेला होता. केसांवर भांडी देणारी बाई येते, तिच्यासाठी तो ठेवतात. गुंतवळ उंबऱ्याबाहेर टाकू नये, कोणाच्या हाती लागला तर त्यावर काही करतात, हेही याच आजींनी सांगितले होते. तोच गुंतवळ एका वाटीसाठी अनोळखी बाईच्या झोळीत जातो, यात त्यांना काही विसंगत वाटत नाही. आम्हाला त्यातला मूठभर नमुना त्यांनी दिला, 'वाटी देणार का?' असे विचारून.

शाम्पूने केस गळतात हा समजही येथे पक्का आहे. बहुतेक बायका आठवड्यातून एकदा किंवा दोनदा नाहतात. ज्या केसांची सुटण्याची वेळ झालेली असते ते मधल्या दिवसांत वेणीत अडकून राहतात आणि नाहणीच्या दिवशी सगळे एकदम मोरीच्या जाळीवर जमतात. चार दिवसांची बाकी एका दिवशी चुकती होते आणि नाव त्या दिवशीच्या पुडीचे होते.

२४ डिसेंबर

बोअरचे पाणी प्रयोगशाळेत तपासले. भारतीय मानक ब्यूरोच्या प्रमाणानुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालते. आमचा नमुना या दोहोंच्या मध्ये आला. मराठवाड्यातल्या बेसॉल्टमधून उपसलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असायचेच.

तीन परीक्षानळ्या घेतल्या : उर्ध्वपातित पाण्यात अंगाच्या साबणाचे द्रावण, बोअरच्या पाण्यात तेच द्रावण, आणि बोअरच्या पाण्यात शाम्पू. हलवल्यावर पहिलीत फेस आला, तिसरीतही आला. दुसरीत फेस न येता दुधाळ पाण्यात पांढरे कण तरंगू लागले आणि काही मिनिटांत नळीच्या काचेला चिकट थर बसला. साबणातील मेदाम्ले कॅल्शियमशी जोडली जाऊन न विरघळणारा क्षार होतो, तोच हा. गुंतवळातले काही केस त्या नळीत बुडवून वाळवले आणि भिंगाखाली पाहिले तर दांड्यावर जागोजागी खडूच्या भुकटीसारखे कण दिसले. बोटांतून ओढताना केस खरखरीत लागत होता. शिकेकाई आणि रिठ्याचा फेस सॅपोनिन या वनस्पतीतल्या फेसाळ द्रव्यामुळे येतो, त्यांनी असा थर बसला नाही. शेवटच्या तांब्यात लिंबू पिळण्याची जुनी सवय आहे, तिचीही चाचणी घेतली : सायट्रिक आम्लाने थर बराच सुटला. पाणी भरपूर हवे आणि ओल्या डोक्याने उन्हात बसू नये, कारण लिंबाच्या रसावर ऊन पडले की कातडी भाजल्यासारखी होऊ शकते.

त्यामुळे बोअरविषयीची तक्रार निम्मी बरोबर ठरते. कठीण पाण्यात साबणाने धुतलेले केस राठ होतात, गुंततात आणि तुटतात. मुळापर्यंत मात्र हे पाणी जात नाही. हे दाखवण्यासाठी प्राणिशास्त्र विभागातला सूक्ष्मदर्शक मागून आणला. डब्यातल्या केसांची टोके एकेक करून पाहिली. काहींचे टोक फाटलेल्या दोरीसारखे होते, ते तुटलेले केस. बऱ्याच केसांच्या टोकाला मात्र पांढरी, गोलसर, कोरडी गाठ होती. या गाठीलाच लोक मूळ म्हणतात आणि 'मुळासकट उपटला' म्हणून घाबरतात. विश्रांती पूर्ण करून सुटलेल्या केसाची ती नेहमीची खूण आहे. केस तयार करणारी पिशवी कातडीतच राहते आणि पुन्हा कामाला लागते.

२ जानेवारी २०२५

प्रश्नावलीत एक प्रश्न वाढवला आणि तो पहिल्या क्रमांकावर घातला : 'गळती सुरू होण्याच्या दोन-तीन महिने आधी घरात काय झाले होते?' तोपर्यंत आम्ही लोकांप्रमाणेच गळतीच्या आठवड्यात काय बदलले तेवढेच विचारत होतो. नव्या प्रश्नाची उत्तरे बोलकी आहेत. दिवाळीच्या आधी अंगात ताप मुरलेला होता, सलाईन लावले होते, गर्भाशयाची पिशवी काढली, लग्नापूर्वी वजन उतरवायला एक वेळचे जेवण सोडले, बाळंतपण झाले. ताप, शस्त्रक्रिया, उपासमार किंवा मोठा मानसिक आघात झाला की वाढीतले बरेच केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. तोपर्यंत ताप विसरलेला असतो. समोर दिसते ती थंडी, नवा बोअर, बदललेला शाम्पू.

ही गळती बहुधा सहा महिन्यांच्या आत आपोआप थांबते. आता क्रम पाहावा. बाई घाबरून तेल आणते तेव्हा गळती शिगेला असते. तेल लावत महिना-दीड महिना जातो आणि गळती आपल्या गतीने ओसरू लागते. श्रेय तेलाला जाते आणि ती बाई शेजारच्या चार जणींना तेच तेल सांगते. ती खोटे बोलत नाही, तिने डोळ्यांनी पाहिलेले असते. आठवडी बाजारात लेबल नसलेल्या बाटल्या विकणाऱ्याचा धंदा लबाडीपेक्षा या क्रमावरच जास्त चालतो, असे माझे मत झाले आहे.

बाळंतपणाबाबत लोकांचा हिशेब मात्र अचूक निघाला. 'लेकरू हसाया लागलं की मायचे केस जातात,' असे दुसऱ्या गावच्या एका आजींनी सांगितले. मूल खळखळून हसू लागते ते तीन-चार महिन्यांचे झाल्यावर, आणि गरोदरपणात इस्ट्रोजेनमुळे वाढीच्या अवस्थेत थोपवून धरलेले केस बाळंतपणानंतर याच सुमारास गळतात. कारण बाळाच्या हसण्यात नाही, पण वेळ इतकी नेमकी आहे की प्रकल्पातल्या इतर कोणत्याही समजापेक्षा मला या समजाचा आदर वाटतो.

९ जानेवारी

बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात काही गावांतील लोकांचे केस तीन-चार दिवसांत जाऊन टक्कल पडत असल्याच्या बातम्या आल्या आहेत. शेगाव येथून लांब आहे, पण बुलढाणा आमचा शेजारजिल्हा आहे आणि लोणार तर मंठ्याला अगदी जवळ. घरभेटी सध्या थांबवल्या.

१६ जानेवारी

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक तेथे गेले आहे. पाणी, बुरशी, शाम्पू असे संशय बोलले जात आहेत. मंठ्यात एका किराणा दुकानदाराने सांगितले की पुड्यांची विक्री बसली आहे आणि लोक पुन्हा शिकेकाई मागत आहेत. मुलींना बजावले आहे की चौकशीला जाताना या बातमीचा विषय आपण काढायचा नाही; कोणी काढला तर एवढेच सांगायचे की मुठीने केस निघू लागले तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे.

आमच्या तीन महिन्यांच्या हिशेबाला हे प्रकरण अपवाद आहे आणि तो समजून घेणे आवश्यक आहे. काही विषारी द्रव्ये आणि कर्करोगावरची औषधे वाढीत असलेल्या केसावरच घाव घालतात; तेथे विश्रांतीची पायरीच येत नाही आणि केस काही दिवसांत किंवा आठवड्यांत जातात. म्हणून 'किती केस गेले' याइतकेच 'किती दिवसांत गेले' हे विचारले पाहिजे.

३० जानेवारी

पुरुषांची चौकशी दोन मुलांकडे सोपवली होती; ती सलूनमध्ये झाली. येथले समज वेगळे आहेत : हेल्मेट, टोपी, आणि मामा. हेल्मेटने टक्कल पडत नाही. मामाचे म्हणणे अर्धे खरे आहे, कारण पुरुषी संप्रेरकाला प्रतिसाद देणाऱ्या ग्राहकाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि मुलाला ते आईकडूनच मिळते. पण टक्कल ठरवणारी जनुके अनेक आहेत आणि वडिलांकडूनही येतात. या प्रकारात केस धडाधड गळत नाहीत. डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकामुळे केसाची पिशवीच दर फेरीला लहान होत जाते आणि केस बारीक, आखूड, फिकट होत शेवटी दिसेनासा होतो. तेलाला येथे काही करण्यासारखे नाही.

मिनॉक्सिडिल बऱ्याच तरुणांनी आणले आहे आणि बहुतेकांनी सोडले आहे. हे मुळात रक्तदाबाच्या गोळीतले द्रव्य. गोळी घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले म्हणून त्याचे डोक्याला लावायचे द्रावण झाले आणि त्याला अमेरिकेत १९८८ साली मान्यता मिळाली. सोडण्याचे कारण सगळ्यांनी एकच दिले, 'लावल्यावर जास्तच गळायला लागले.' ते खरे आहे : औषध विश्रांतीतल्या केसाला ढकलून नवी फेरी सुरू करते, म्हणून पहिले काही आठवडे गळती वाढते, आणि फरक दिसायला किमान चार महिने लागतात. ज्याने काही होत नाही त्या तेलाला श्रेय मिळते आणि ज्याने होते ते औषध दुसऱ्या महिन्यात कचऱ्यात जाते. बाटली आणून देताना मेडिकलवाल्याने एवढे एक वाक्य सांगितले असते तरी पुष्कळ पैसे वाचले असते. थांबवले की मिळालेले केसही जातात, हेही कोणाला सांगितलेले नव्हते.

चाईचा विषय सलूनमध्येच निघाला. रुपयाएवढा गुळगुळीत गोल डाग पडतो, त्याला येथे किडा लागला म्हणतात आणि त्यावर कांदा किंवा लसूण चोळतात. किडा नसतो, शरीराची प्रतिकारयंत्रणाच केसाच्या मुळावर उलटते. कांद्याची गोष्ट मात्र सोडून देण्यासारखी नाही, कारण सध्या बाजारात असलेल्या कांद्याच्या तेलांची साखळी शेवटी एका लहान अभ्यासापर्यंत जाते. बगदादमध्ये चाईच्या ३८ रुग्णांवर झालेला हा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. कांद्याचा ताजा रस दिवसातून दोनदा लावलेल्यांमध्ये पाणी लावलेल्यांपेक्षा पुष्कळ जास्त जणांचे केस परत आले. पण रसाचा वास आणि जळजळ लपत नाही, त्यामुळे आपल्याला काय लावले आहे हे रुग्णाला कळते. आणि चाई पुष्कळदा स्वतःहून भरते. शिवाय तो ताजा रस होता आणि विकार चाईचा होता. बाटलीतले सुवासिक तेल सामान्य केसगळतीसाठी विकले जाते. लहान मुलाच्या डोक्यावरच्या डागात खपली, खाज, तुटके केस असतील तर ते गजकर्ण असण्याची शक्यता असते. त्याला पोटातून औषध द्यावे लागते, आणि कांदा चोळण्यात गेलेले आठवडे तेथे महागात पडतात.

पार्लरमधल्या काळ्या मेहंदीविषयी थोडेच लिहितो. मेहंदीच्या पानाचा रंग तांबूस येतो. काळा येत असेल तर त्यात बहुधा पीपीडी हा रंगाचा रेणू असतो आणि काहींना त्याची तीव्र ॲलर्जी होते. कानामागे लावून ४८ तास थांबण्याची सूचना खोक्यावर असते. ती पाळणारे कोणी भेटले नाही.

१२ फेब्रुवारी

आरोग्य केंद्रातील डॉक्टरांशी बोलणे झाले. वर्षानुवर्षे भांग रुंदावत गेलेल्या बाईला ते आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासायला सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता; लोहाची कमतरता हे गळतीचे एक कारण मानले जाते आणि त्याची गोळी सरकारी केंद्रात फुकट मिळते. त्याच बायका बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या विकत घेतात. बायोटिनची रोजची गरज ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास, तर गोळीत बहुधा ५ किंवा १० मिलिग्रॅम, म्हणजे शेकडो पट. त्याची खरी कमतरता विरळा असते, आणि एवढी मात्रा रक्तात असताना थायरॉइडच्या काही चाचण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात. गळतीचे कारण शोधायला केलेली तपासणीच गळतीवरच्या गोळीने बिघडते. तपासणीला जाताना ही गोळी चालू असल्याचे सांगावे, हे पत्रकात घ्यायचे.

कोंडा आणि तेल : कोंड्यामागची मॅलॅसेझिया ही बुरशी कातडीवरच्या स्निग्धांशावर जगते. 'कोरडेपणाने कोंडा होतो' म्हणून तेल थापणे उलट पडते. किटोकोनॅझोल या बुरशीनाशकाचा शाम्पू लावून तीन ते पाच मिनिटे ठेवावा लागतो. लावला आणि लगेच धुतला तर पैसे वाया जातात.

२७ फेब्रुवारी

शेगावच्या प्रकरणात डॉ. हिम्मतराव बावस्कर यांचे म्हणणे वृत्तपत्रांत आले आहे. विंचूदंशावरील कामामुळे त्यांना सगळे ओळखतात. ते मूळचे आमच्याच जालना जिल्ह्यातले. बाधितांच्या शरीरात सेलेनियम जास्त आणि जस्त कमी आढळले आणि सेलेनियमचा उगम रेशनच्या गव्हात असावा, अशी त्यांची मांडणी आहे. सेलेनियम जास्त झाले की केस आणि नखे जातात, हे वैद्यकात पूर्वीपासून माहीत आहे. पाण्यावर आणि शाम्पूवर संशय घेऊन झाल्यानंतर बोट धान्याच्या पोत्याकडे वळले, ही गोष्ट मुलींच्या फार लक्षात राहिली.

एकीने लगेच विचारले की कोंड्याच्या एका शाम्पूवर सेलेनियम सल्फाइड २.५ टक्के लिहिलेले असते, त्याचे काय. हे संयुग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, धडधाकट कातडीतून फारसे आत जात नाही आणि काही मिनिटांत धुतले जाते. रोजच्या भाकरी-पोळीतून पोटात जाणाऱ्या सेलेनियमशी त्याची तुलना होत नाही. प्रश्न मात्र उत्तम होता आणि तोंडी परीक्षेत मी तो इतरांना विचारणार आहे.

१० मार्च

एका पानाचे पत्रक छापायला दिले. मुलींच्या पहिल्या मसुद्यात 'हे करा' आणि 'हे करू नका' अशा दोन याद्या होत्या. त्या काढून पत्रक प्रश्नांच्या रूपात केले आहे. सुरुवात तीन महिन्यांपूर्वीच्या आजारपणाच्या प्रश्नाने होते. त्यानंतर केस किती दिवसांत गेले, टोकाला पांढरी गाठ आहे की टोक फाटलेले आहे, डाग गोल आहे का, भांग रुंदावतो आहे का, हे येते. तेल लावू नये असे कोठेही लिहिलेले नाही. दांड्यासाठी खोबरेल चांगले आहे आणि सासूच्या हातून डोक्याला तेल लावून घेणाऱ्या बाईला ते थांबवायला सांगण्याचा आमच्याकडे काही आधार नाही; फक्त त्यासाठी किती रुपये मोजावेत, हा प्रश्न पत्रकाच्या खाली ठेवला आहे.

दोन मेडिकलवाल्यांनी पत्रक गल्ल्याशेजारी लावायची तयारी दाखवली. एकाने मिनॉक्सिडिलची ओळ मोठ्या अक्षरात मागितली, कारण बाटली परत घेऊन भांडायला येणारी गिऱ्हाइके त्यालाच भेटतात. काही प्रती आशाताईंकडे दिल्या. ज्या घरांत डिसेंबर-जानेवारीत गळती चालू होती तेथे जूनमध्ये, कॉलेज उघडल्यावर, पुन्हा जायचे आहे. कोणी काय लावले आणि कोणी काहीच लावले नाही याची यादी वहीच्या शेवटच्या पानांवर केली असून पुढच्या तुकडीने तीवरूनच काम सुरू करावे.